रोमच्या बायका घेऊन मस्कतला

मस्कतला जाताना माझ्या बॅगेत मेतकूट होतं, गोडा मसाला होता, तिळाच्या वड्या होत्या आणि दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या काही बायका होत्या. बायकांबद्दल विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. मसाल्याबद्दल विचारलं.

खुलासा करते. मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी महिला मंडळांतून एक तासाचा कार्यक्रम करते. त्याचं नाव 'सद्गुणी बायका'. ग्रीक आणि रोमन लोक कोणत्या बाईला चांगली म्हणत, का म्हणत, आणि तसं म्हटल्याने त्या बाईचं पुढे काय झालं, हे मी अंगावर रोमन गृहिणीचा झगा चढवून, हातात टकळी घेऊन सांगते. लोक हसतात, मधेच गप्प होतात, शेवटी चहा असतो. मला ह्या कार्यक्रमाचं वेड आहे. कोणी बोलावलं तर मी गडचिरोलीलाही जाते, मग मस्कतला का नाही?

बोलावलं होतं नलूने. नलू माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. लग्न होऊन ओमानला गेली ती तिथलीच झाली. मस्कतच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा विनय गेला. मुलगा कॅनडात. घरात ती आणि तिच्या सासूबाई, माई. फोनवर ती म्हणाली, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझा कार्यक्रम ठेवलाय. आणि मला तुझ्याशी बोलायचंय, पण फोनवर नको." ह्यातलं पहिलं वाक्य मी डायरीत लिहिलं आणि दुसरं विसरले. कार्यक्रम ठरला की मला बाकी काही ऐकू येत नाही.

प्रवासवर्णनात गुपितं ठेवू नयेत, म्हणून ते काय होतं हे इथेच सांगून टाकते. नलूला पुन्हा लग्न करायचं होतं. मुलाची हरकत नव्हती. माईंना सांगायचं तेवढं बाकी होतं, आणि सांगताना शेजारी मी हवी होते. हे मला शेवटून दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्हाला पहिल्याच पानावर कळलंय, त्यामुळे पुढच्या सगळ्या पानांवर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे ठराल. मजा करा.

मस्कत

ओमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि उंट येतात. मस्कतमध्ये पहिल्यांदा दिसतात ते डोंगर. सह्याद्रीसारखेच उभे, काळपट तपकिरी, पण अंगावर गवताचं पातं नाही. सह्याद्रीची कोणीतरी गुळगुळीत हजामत केल्यासारखे. त्यांच्या पायाशी पांढरी बुटकी घरं, आणि घरं संपतात तिथे समुद्र. जानेवारीत हवा इतकी सुखाची की मी शाल पांघरून गच्चीत बसायचे आणि नलूच्या शाळेतली मुलं खालून इंग्रजीत भांडताना ऐकायचे. त्यांच्या आया वरून मराठीत ओरडायच्या. भांडण दोन्ही भाषांत थांबत नसे.

विमानतळावर नलूसोबत एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ आले होते. सामंत. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर, मूळचे मालवणचे, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे माईकवाले. त्यांनी माझ्या दोन्ही बॅगा उचलल्या, गाडी दारापर्यंत आणली, नलूच्या फ्लॅटचा दिवा कुठे लागतो ते न विचारता लावला. मी नलूला म्हटलं, मंडळाने मदतीला माणूस छान दिलाय. नलू हसली आणि चहा टाकायला गेली.

माई ऐंशीच्या पुढच्या. बारीक, ताठ, पांढऱ्याशुभ्र पातळातल्या. विनय पोटाशी असताना त्यांचा नवरा वारला, तेव्हा त्यांचं वय आजच्या मुलींचं पदवीचं वय. अलिबागेजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवून त्यांनी विनयला इंजिनियर केलं आणि निवृत्तीनंतर त्याच्या मागे इथे आल्या. इतकी वर्षं आखातात राहून त्यांच्या अलिबागी मराठीत दोन अरबी शब्द घट्ट रुतलेत. पानं घेतली की "यल्ला", आणि भात संपला की "खलास". पहिल्या जेवणालाच त्यांनी मला विचारलं, "तुझ्या त्या रोमच्या बायका विधवा झाल्यावर काय करायच्या गं?" मी म्हटलं, कार्यक्रमात सांगेन. उत्सुकता ताणून ठेवायची माझी सवय.

मत्रह

पहिला अपघात दुसऱ्या सकाळी उघडकीला आला. रोमन झगा पुण्यात इस्त्रीवाल्याकडे राहिला होता. नलूने मला मत्रहच्या बाजारात नेलं. मत्रह म्हणजे जुनं बंदर. समोर जहाजं आणि आत छपराखालच्या अरुंद गल्ल्या, लोबानाच्या धुराने भरलेल्या. ह्या गल्ल्यांत कित्येक दुकानं पिढ्यान्पिढ्या भारतीयांची आहेत. आम्ही गेलो ते कापडाचं दुकान दापोलीकडच्या इस्माईलभाईंचं. आजोबांनी टाकलेलं, नातू चालवतो, आणि नातूही आता साठीचा.

मी पांढऱ्या कापडाच्या ताग्यावर हात ठेवला तशी ते म्हणाले, "बाय, हा पुरुषांचा कापड. दिशदाशाचा." दिशदाशा म्हणजे ओमानी पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा झगा.

मी सांगितलं, मला रोमन बाईचा पोशाख करायचाय. त्यांनी थोडा विचार केला. मग विचारलं की त्या बायका रंगीत कपडे नेसत नव्हत्या का. नेसत असत, अगदी हौसेने. पण आपल्या प्रेक्षकांना रोम पांढरंच लागतं. मग मी त्यांना टोग्याची गंमत सांगितली. टोगा हा पुरुषांचा मानाचा पोशाख. पण तोच बाईच्या अंगावर दिसला, तर ती नीतीतून उतरलेली, असा अर्थ. एकच कापड, त्याच्या अंगावर प्रतिष्ठा आणि तिच्या अंगावर शिक्षा. इस्माईलभाईंनी कात्री थांबवली. "म्हंजे कपडा वाईट नाय, बाय वाईट?"

"तसंच."

"मग तुमी झगाच शिवा. टोगा नको," असं म्हणून त्यांनी कापड टर्रकन फाडलं.

चहा आला. घट्ट, वेलचीचा, ज्याला इथे करक म्हणतात. इस्माईलभाईंनी माईंची चौकशी केली आणि मग नलूकडे न बघता, तागा गुंडाळता गुंडाळता बोलले, "आमच्यात नवरा गेल्यावरची चार म्हयन्यांची इद्दत सरली का लोक विचाराया येतात. बाईनं एकटा रावावा असा कोण बोलत नाय. तुमच्यात काय कोण विचारत नाय का?"

नलू एका निळ्या कापडाचा पोत तपासण्यात गढून गेली. आणि मी, शाबास माझी, लगेच इस्माईलभाईंना प्राचीन जगातल्या विधवाविवाहावर माहिती दिली. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली. गिऱ्हाईक होते ना मी.

निझवा आणि वरचा डोंगर

शुक्रवारी सामंत नलूला आणि मला त्यांच्या उंच गाडीतून निझव्याला घेऊन गेले. निझवा आतल्या भागात, डोंगरांच्या पलीकडे, खजुराच्या बागांत बसलेलं गाव. शुक्रवारी सकाळी तिथे शेळ्यांचा बाजार भरतो. घेणारे गोल करून बसतात आणि विकणारे शेळ्या घेऊन त्यांच्यापुढून फेऱ्या मारतात, ओरडत, पळत. आपल्याकडे गिऱ्हाईक फिरतं आणि माल बसतो; इथे माल फिरतो. एक शेळी माझ्या पर्सचा पट्टा खात बराच वेळ उभी होती, आणि मला वाटत होतं गर्दीमुळे ओढ बसतेय.

विकणाऱ्यांत बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, बायकाही होत्या. चेहऱ्यावर कडक कापडाचा मुखवटा, फक्त डोळे दिसतात. त्यांतल्या एकीने दाढीवाल्या दोन पुरुषांना असं झाडलं की ते दोघे मुकाट्याने तिची शेळी घेऊन गेले. मला अथेन्स आठवलं. तिथल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या मते बाईचा सर्वांत मोठा गौरव म्हणजे पुरुषांत तिची चर्चाच न होणं. निंदा नाही आणि स्तुतीही नाही. चांगल्या घरची बाई बाजारात दिसत नसे. ही मुखवटेवाली तिथे कुठल्या खणात बसवली असती कोणास ठाऊक. चेहरा झाकलेला आणि आवाज बाजारभर.

दुपारी आमच्या मुक्कामाचे मालक सलीम यांनी बैठकीत बोलावलं. खजूर आणि काहवा. काहवा म्हणजे वेलचीची कडवट कॉफी, अंगठ्याएवढ्या कपात. मी कप रिकामा केला की ते भरत, भरला की मी भिडेखातर रिकामा करी. माझं हृदय टाळ वाजवायला लागल्यावर सामंतांनी हळूच सांगितलं, "कप जरा हलवून परत द्या. म्हणजे पुरे." तोवर मी एवढी कॉफी प्यायले होते की त्या दिवशी मी डोंगर पळत चढले असते.

सलीमच्या भाचीचं लग्न होतं. त्यांनी पत्रिका दाखवली, सोनेरी अक्षरांची, सुंदर. सामंतांनी वाचून सांगितली. नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या बापाचं, नवरीच्या बापाचं. नवरीचं नाव कुठेच नाही; नुसतं 'यांची कन्या'. मी खूश झाले, कारण अथेन्समध्ये हेच. कोर्टातसुद्धा घरंदाज बाईचं नाव घेत नसत, अमक्याची मुलगी, तमक्याची बायको म्हणत; नाव घेतलं की समजावं, अपमान करायचाय किंवा बाई मेलेली आहे. मी सलीमना म्हटलं, आमच्याकडे नवरीचं नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरात असतं. त्यांनी विचारलं, "लग्नानंतरही तेच राहतं?" त्यांच्याकडे बायकोचं नाव बदलत नाही. मरेपर्यंत ती बापाच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे नाव सकाळी पत्रिकेवर मिरवतं आणि संध्याकाळी तांदळात बोट फिरवून दुसरं लिहितात. मी कप हलवून परत दिला.

दुसऱ्या दिवशी जबल शम्सला गेलो. हा ओमानचा सर्वांत उंच डोंगर, आणि त्याच्या पोटात अशी खोल दरी की काठाशी उभं राहिल्यावर आपण आपोआप मागे झुकतो. तिथे दगडी घराच्या सावलीत एक म्हातारबाबा बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला फेटा, आणि हातात टकळी. लोकर कातत होते. शेजारी जमिनीतल्या खड्ड्यात माग, त्यावर लाल-काळी सतरंजी. त्यांच्या पत्नी कुठे आहेत म्हणून विचारलं, तर त्यांनी टकळीनेच वरच्या कड्याकडे दाखवलं. बाई शेळ्यांमागे गेल्या होत्या.

मी जमिनीवर बसकणच मारली. रोमन थडग्यांवर बायकांच्या स्तुतीत काय असे? घर सांभाळलं, लोकर कातली. बस्स. बाई कवी असो, वैद्य असो, दुकानदार असो, दगडावर तिची लोकरच. मोठ्या घरच्या बायका, ज्यांच्याकडे कातायला नोकर होते, त्याही पाहुणे आले की टकळी घेऊन बसत. त्या हिशोबाने हे बाबा रोमच्या सर्वोत्तम पत्नींमध्ये गणले गेले असते. नलू खदखदून हसली. सामंतांनी ते अरबीत बाबांना सांगावं असा मी आग्रह धरला. त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि बाबांनी मला एक मूठ लोकर भेट दिली. काय सांगितलं ते सामंतांनी सांगितलं नाही.

दरीच्या काठावर डबा खाताना मी त्यांना पैजेची गोष्ट ऐकवली. रोमचे काही सरदार छावणीत बसून आपापल्या बायकोच्या शीलाच्या बढाया मारत होते. पैज लागली. घोड्यांवर बसून सगळे अचानक घरी गेले. इतरांच्या बायका मेजवान्या झोडत होत्या. एकच मात्र दासींबरोबर दिव्यापाशी लोकर कातत होती. ती जिंकली. आणि जिंकली म्हणूनच पैजेला आलेल्या राजपुत्राची नजर तिच्यावर पडली, त्याने तिच्यावर जबरदस्ती केली, आणि आपलं शील सिद्ध करायला तिने सुरा मारून घेतला. रोमने तिला हजार वर्षं डोक्यावर घेतलं.

सामंत दरीकडे बघत होते. मग म्हणाले, "तिची परीक्षा घ्यायला कोणी गेलंच नसतं, तर जगली असती."

मी टाळी वाजवली. म्हटलं, हे वाक्य मी कार्यक्रमात वापरणार. नलू मात्र त्यांच्याकडे बघत राहिली, हातातली पोळी तशीच. तुम्ही समजलात. मी लोणचं मागितलं.

हळदीकुंकू

मंडळाने हॉल घेतला होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तर, आणि 'सर्व महिलांना आग्रहाचं निमंत्रण'. सर्व हा शब्द खरा होता. विधवांना कोणी वगळलेलं नव्हतं. फक्त, माझ्या लक्षात आलं, नलू दरवर्षी स्वतःहून स्वयंपाकघर अंगावर घेते. मसाला दूध गरम करते, तिळगुळाच्या पुड्या भरते. हळदीकुंकवाची कोयरी फिरते तेव्हा ती पातेल्यापाशी असते, त्यामुळे कोयरीवालीला प्रश्नच पडत नाही. माई तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतात. सगळं इतकं गोड आणि अलगद की भांडायला जागा नाही. विनय गेल्यापासून नलू टिकलीही लावत नाही. माईंनी कधी सांगितलं नाही. पण माई जन्मभर लावत नाहीत, मग समोर कशी लावायची, असं तिचं.

माझं डोकं फिरलं. दिशदाशाच्या कापडाचा झगा सावरत मी स्टेजवर गेले. सुरुवातीला नेहमीचंच केलं. जुन्या रोममध्ये बायकांना दारू वर्ज्य होती, आणि ती प्यायली का हे कळावं म्हणून नातेवाईक पुरुष तिचा मुका घेत, प्रेमाने नव्हे, वासासाठी. ह्यावर हॉल हसला, कार्यक्रमापुरत्या आलेल्या पुरुषांच्या रांगेत दोघातिघांनी खोकल्याचं नाटक केलं. मग मी ठरलेला मजकूर सोडला. म्हटलं, नलूबाईंना आणि माईंना स्वयंपाकघरातून इथे बोलवा. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मी सांगायला लागले. रोममध्ये एक पदवी होती, उनिविरा. जिने आयुष्यात एकच पुरुष वरला ती. नवरा गेला तरी जिने दुसरा केला नाही ती. एका देवीच्या मूर्तीला हात लावायचा मान फक्त तिचा. थडग्यावर हा शब्द अभिमानाने कोरत. आणि आपण अशा बाईला पातेल्यापाशी उभी करतो.

इथे माईक कुईं करून शिट्टी मारायला लागला, आणि मग बंदच पडला. मागे सामंत वायरींवर वाकलेले दिसले. पण मला माईकची काय पर्वा? मी आवाज चढवला. हात पसरून म्हटलं, "रोममध्ये ह्या बाईला पहिल्या रांगेत बसवलं असतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसायला लागल्या. आणि माई, ज्यांना मी कधी सावकाशीशिवाय चालताना पाहिलं नव्हतं, तरातरा पुढे आल्या, कोयरी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर नलूच्या कपाळावर कुंकू लावलं. पन्नास-साठ वर्षांनी त्या हातांनी कुंकवाला स्पर्श केला असेल. म्हणाल्या, "माझी सून आहे. माझ्यासारखीच."

हॉल उभा राहिला. माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग. नलूचा चेहरा मी बघितला होता. मला वाटलं, आनंदाने पांढरा पडलाय.

खाबुरा

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे किनाऱ्याने वर खाबुऱ्याला गेलो. सामंत गाडी चालवत, नलू पुढे, मी मागे, माई दमून घरी. खाबुरा म्हणजे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला लिंबं, केळी, खजूर. आपल्या अलिबाग-रेवदंड्याची आठवण होते, फक्त माड काढून खजूर लावा. सकाळच्या मासळीबाजारात सुरमई जमिनीवर पसरलेल्या, कोळ्याच्या हातात सुरी, आणि आजूबाजूला मल्याळी, बलुची, ओमानी, सगळे एकाच वेळी हिंदीत घासाघीस करत.

मी गाडीत बसल्यापासून कालच्या टाळ्यांबद्दल बोलत होते. सुरमई घेऊन आम्ही वाळूवर बसलो तेव्हाही बोलत होते. नलूने सकाळी आंघोळीनंतर टिकली लावली होती. मी तीही विजयाची खूण म्हणून मोजली. शेवटी सामंत म्हणाले, "मॅडम, काल माईक मी बंद केला होता."

"बिघडला म्हणून?"

"नाही. तुम्हाला बंद करता येईना म्हणून."

मग नलूने सांगितलं. ह्याच गृहस्थांशी ती लग्न करणार होती. काल कार्यक्रमानंतर घरी गेल्यावर, मी शेजारी असताना, माईंना सांगायचं ठरवलं होतं. आणि मी तिला भर सभेत एकाच नवऱ्याची म्हणून मखरात बसवली होती, माईंच्या हातांनी. "टिकली लावली नसती तर माईंना वाटलं असतं मी त्यांचा मान झिडकारला. लावली तर मी खोटी. शैले, तू मला त्या कातणाऱ्या बाईसारखं करून ठेवलंस. जिंकले आणि अडकले."

मी म्हटलं, आजच माईंना पुढचा भाग सांगते. कारण पुढचा भाग आहेच. ज्या रोमने उनिविरा दगडावर कोरली, त्याच रोमच्या पहिल्या सम्राटाने कायदा केला की विधवेने ठरावीक मुदतीत लग्न केलंच पाहिजे, नाहीतर तिचे हक्क कापले जातील. लोकसंख्या हवी होती त्याला. थडग्यावर एक आणि कायद्यात दुसरं. बाईने नेमकं काय केलं की ती चांगली, हे रोमला कधी ठरवताच आलं नाही.

नलू म्हणाली, "आणि माईंना काय सांगशील? की काल जे बोललीस ते पोकळ होतं?"

तेव्हा कुठे मला कालचं दृश्य नीट दिसलं. माई नलूसाठी धावल्या नव्हत्या. कोवळ्या वयापासून त्यांनी जे एकटीने रेटलं, त्याला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी चारचौघांत नाव दिलं होतं. आणि ते नाव मीच परत घ्यायला निघाले होते.

घरी

माई सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत होत्या. सामंत बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या अगदी काठावर. नलूने स्वयंपाकघरात उभं राहून एका दमात सांगून टाकलं. माईंचे हात थांबले.

मी तोंड उघडलं. "माई, काल मी अर्धंच—"

"तू थांब. तुझा कार्यक्रम काल झाला."

त्या चिडल्या होत्या, आणि बराच वेळ चिडून होत्या. काल सांगायचं होतंस, म्हणाल्या. सगळ्या मंडळासमोर मी कुंकू लावलं, आता त्या बायका मला हसतील. विनयचं नाव घेऊन काहीतरी बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. मग माईंनी हात धुतले आणि खरं काय ते विचारलं, "आणि मी कुठे जायचं?"

दारातून सामंत म्हणाले, "कुठेच नाही. मी इकडे यायचं म्हणतोय. तुमची परवानगी असेल तर."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या. "शैला, त्या तुझ्या रोमच्या बायका. त्यांना कोणी विचारलं होतं, की बाई, तुला परत करायचंय का?"

"फारसं नाही, माई. बाप किंवा भाऊ ठरवायचे. नाहीतर सरकार."

"मला पण नाही विचारलं." त्या स्टुलावर बसल्या. "विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता खरंच आठवत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"काल तू बोललीस ना, एकाच माणसाची वगैरे, ते माझं आहे. ते मी केलंय आणि ते मी ठेवणार. त्याबद्दल आता काही पुढचा-मागचा भाग मला सांगू नकोस. पण ते हिच्या अंगावर घालायचं तुला काही कारण नव्हतं."

मी नाही म्हटलं. नव्हतंच.

नलू रडत होती. तिने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने कपाळावरची टिकली काढायला घेतली.

माई उठल्या आणि तिचा हात धरला. हाताला अजून हळद-मिठाचा वास होता. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मी कुंकू जरा लवकर लावलं, एवढंच."